खुनाच्या खटल्यात वकिली करणाऱ्या या माणसानं हायड्रोजनच्या गाडीचा पाया घातला होता

बुटाच्या खोक्यात मावेल एवढीशी गाडी. तिच्यात पेट्रोल नाही, बाजारातून आणलेली बॅटरी नाही, रिमोट नाही आणि ब्रेक तर मुळीच नाही. ती चालणार केमिकल रिअ‍ॅक्शनवर आणि थांबणारही केमिकल रिअ‍ॅक्शननंच.

ही केम-ई-कार नावाची स्पर्धा आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनियर्स ही संस्था १९९९ पासून ती भरवते. केमिकल इंजिनियरिंगची पोरं वर्षभर राबून अशी गाडी बनवतात. स्पर्धेच्या दिवशी, शर्यतीच्या तासभर आधी त्यांना सांगितलं जातं की आज गाडीनं इतके मीटर जायचं आणि इतकं पाणी वाहून न्यायचं. अंतर असतं साधारण १५ ते ३० मीटर, तर पाणी जास्तीत जास्त अर्धा लिटर.

इथं सगळ्यात वेगवान गाडी जिंकत नाही. सांगितलेल्या रेघेच्या सगळ्यात जवळ जी थांबते ती जिंकते. आपल्या मुंबईतल्या आयसीटीची, म्हणजे जुन्या यूडीसीटीची पोरंही या स्पर्धेत उतरलेली आहेत.

आता गाडी पळवायची कशी, तर त्याचे बरेच मार्ग आहेत. कुणी जस्त आणि हवेचा सेल घरी बनवतं, कुणी हायड्रोजन पेरॉक्साइडमधून सुटणाऱ्या वायूच्या दाबावर चाकं फिरवतं. पण बऱ्याच टीमचा भरवसा असतो तो फ्युएल सेलवर. एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं ऑक्सिजन. मधल्या मध्ये वीज तयार होते आणि धुराच्या जागी निघतं ते नुसतं पाणी.

ऐकायला हे एकविसाव्या शतकातलं तंत्रज्ञान वाटतं. पण ते पहिल्यांदा जमवणारा माणूस १८११ साली जन्मला होता. बरं, पोटापाण्यासाठी तो करत होता वकिली.

त्याचं नाव विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह.

तब्येतीनं वकिली सुटली आणि विज्ञान हाती आलं

११ जुलै १८११ रोजी वेल्समधल्या स्वान्सी गावात ग्रोव्हचा जन्म झाला. स्वान्सी तेव्हा तांबं गाळण्याच्या भट्ट्यांसाठी जगभर ओळखलं जायचं. गावात धातू, धूर आणि आम्ल यांची काही कमी नव्हती. ग्रोव्हचे वडील तिथले मॅजिस्ट्रेट, घर खाऊनपिऊन सुखी. पोरगं शिकलं ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात. पुढं लंडनला जाऊन कायदा केला आणि १८३५ साली त्याला वकिलीची सनद मिळाली.

इथंच गाडी अडली. तब्येत साथ देईना. कोर्टात उभं राहून तासन्‌तास बोलायचं काम झेपेना. मग हा गडी जरा बाजूला झाला आणि लहानपणापासून ज्याची ओढ होती त्या विज्ञानात घुसला. १८३७ साली त्याचं लग्नही झालं.

तो काळ विजेच्या अभ्यासासाठी मोठा भारी होता. इटलीच्या व्होल्टानं १८०० साली पहिली बॅटरी बनवली होती. १८३१ साली मायकल फॅराडेनं चुंबकातून वीज काढून दाखवली होती. पण रोजच्या वापराची वीज अजूनही बॅटरीतूनच यायची आणि त्या बॅटऱ्यांचा दम लवकर संपायचा. १८३६ साली डॅनियल या शास्त्रज्ञानं बराच वेळ टिकणारा सेल आणला, पण त्याचा जोर होता साधारण १.१ व्होल्टचा.

१८३९ साली ग्रोव्हनं स्वतःचा सेल पुढं आणला. जस्ताची पट्टी सौम्य सल्फ्युरिक आम्लात, प्लॅटिनमची पट्टी तीव्र नायट्रिक आम्लात आणि दोन्ही द्रवांच्या मध्ये सच्छिद्र मातीचं भांडं. जोर जवळपास १.९ व्होल्ट. त्या काळच्या मानानं हा सेल म्हणजे पैलवान होता.

आता गंमत बघा. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये याकोबी नावाचा एक इंजिनियर नेवा नदीवर विजेची होडी चालवायच्या खटपटीत होता. १८३८ साली त्यानं डॅनियलच्या सेलवर होडी हलवली, पण ती फारच रेंगाळत चालली. पुढच्या वर्षी त्यानं ग्रोव्हचे सेल बसवले. सेलची संख्या कमी लागली, वेग वाढला आणि होडीतून डझनभर माणसंही फिरली.

म्हणजे आज पोरं बुटाच्या खोक्याएवढ्या गाडीत जे करतात, तेच तेव्हा नदीवर चाललं होतं. रासायनिक अभिक्रियेवर वाहन पळवणं.

ग्रोव्हचे सेल पुढं अमेरिकेच्या तार ऑफिसांत पोहोचले. मोर्सनं १८४४ साली आपली प्रसिद्ध तार पाठवली तेव्हाही वीज याच सेलची होती. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे प्लॅटिनम महाग. दुसरी म्हणजे नायट्रिक आम्लातून निघणारा तांबूस विषारी वायू. मोठ्या तार ऑफिसात अशा सेलच्या रांगा लागल्या की तिथं बसून काम करणं नकोसं व्हायचं. पहिल्या अडचणीवर जर्मनीच्या बुन्सेननं प्लॅटिनमऐवजी कार्बन वापरून उपाय काढला, तर दुसरीमुळे हळूहळू हा सेलच मागं पडला.

ग्रोव्हचं खरं काम मात्र या सेलच्या शेजारीच सुरू झालं होतं.

पाणी फोडता येतं, मग पाणी जोडताना काय होतं?

शाळेत आपण हा प्रयोग बघितलेला असतो. पाण्यात थोडं आम्ल टाकायचं, दोन पट्ट्या बुडवायच्या, वीज सोडायची. एका नळीत हायड्रोजन जमतो, दुसरीत ऑक्सिजन. हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट भरतो. ग्रोव्हच्या काळातही हे सगळ्यांना माहीत होतं.

ग्रोव्हनं उलटा विचार केला. वीज देऊन पाण्याचे दोन वायू होतात, तर दोन वायूंचं परत पाणी होताना वीज मिळायला नको का?

त्यानं दोन काचेच्या नळ्या घेतल्या. प्रत्येकीत प्लॅटिनमची पट्टी. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन आणि दोन्हींची उघडी तोंडं खाली सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेली. पट्ट्यांना तार जोडून मध्ये विजेचा काटा लावला. काटा हलला. इतकंच नाही तर दोन्ही नळ्यांत द्रव हळूहळू वर चढायला लागला. म्हणजे वायू कमी होत होता, आणि हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट वेगानं संपत होता. पाणी तयार होत होतं.

हे नेमकं काय चाललं होतं ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून काडी लावली तर भडका उडतो आणि पाणी तयार होतं. त्यातली सगळी ऊर्जा उष्णता आणि आवाज होऊन निघून जाते. ग्रोव्हच्या नळ्यांमध्ये दोन्ही वायू थेट भेटतच नाहीत. प्लॅटिनमच्या पट्टीवर हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन सोडतो. आम्लातून ते जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना तारेतून वळसा घालून ऑक्सिजनकडे जावं लागतं. हा वळसा म्हणजेच वीज. मोटर जोडायची ती त्या वळशाच्या वाटेवर. इलेक्ट्रॉन ही गोष्ट ग्रोव्हला माहीत नव्हती, ती सापडायला १८९७ साल उजाडलं. पण ज्वलनाची ऊर्जा जाळ न करता काढता येते हे त्यानं नळ्यांमध्ये दाखवून दिलं होतं.

याची पहिली नोंद त्यानं १८३९ साली छापली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या बाझल गावात शॉनबाइन या शास्त्रज्ञालाही हाच परिणाम दिसला होता. म्हणून श्रेय कुणाचं यावर आजही लिहिलं जातं. पण दोघांमध्ये भांडण झालं नाही. उलट मैत्री होती, पत्रव्यवहार होता. परिणाम दोघांना दिसला, पण त्यातून चालणारं यंत्र उभं केलं ते ग्रोव्हनं.

१८४२ साली त्यानं अशा ५० जोड्या एकत्र जोडल्या आणि त्याचा वृत्तांत फॅराडेला कळवला. पाच माणसांनी हातात हात धरून साखळी केली तरी सगळ्यांना झटका बसेल एवढी वीज त्यातून निघत होती. कोळशाच्या दोन टोकांमध्ये दिवसाउजेडी दिसणारी ठिणगी पडत होती. सगळ्यात कडी म्हणजे या विजेनं तो दुसऱ्या भांड्यातलं पाणी फोडू शकत होता. त्यासाठी किमान २६ जोड्या लागतात हेही त्यानं मोजलं. पाणी जोडून मिळालेल्या विजेनं पुन्हा पाणी फोडायचं, हे वर्तुळ त्याला फार आवडायचं.

या यंत्राला त्यानं नाव दिलं गॅस बॅटरी. फ्युएल सेल हे नाव त्याचं नाही. ते १८८९ मध्ये लुडविग माँड आणि कार्ल लँगर यांच्या कामातून पुढं आलं असं मानतात.

त्याला दुखणं सापडलं होतं, औषध नव्हतं

एवढं सगळं जमलं होतं, तर मग या गॅस बॅटरीवर गाड्या का नाही पळाल्या?

कारण वीज फारच थोडी मिळत होती. ग्रोव्हनं याचं कारणही शोधलं. अभिक्रिया पट्टीवर सगळीकडे होत नाही. जिथं वायू, आम्ल आणि प्लॅटिनम हे तिघं एकाच ठिकाणी भेटतात, तिथंच ती होते. साध्या पट्टीवर अशी जागा म्हणजे द्रवाच्या काठची बारीकशी रेघ. म्हणून त्यानं पट्टीवर प्लॅटिनमचा बारीक खडबडीत थर चढवला. भेटायची जागा वाढली, तशी वीज वाढली.

ही जागा वाढवत नेणं हीच फ्युएल सेलची खरी लढाई आहे, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं. आजच्या सेलमध्ये कार्बनच्या कणांवर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पसरतात, ते याच कारणासाठी. केम-ई-कारवाल्या पोरांची गाडी अर्धा लिटर पाणी घेऊन जागची हलत नाही, तेव्हाही त्यांना हेच कोडं पडलेलं असतं.

पण १८४२ साली प्लॅटिनम सोन्यासारखं तोलून घ्यावं लागायचं आणि हायड्रोजनही प्रयोगशाळेत थोडा थोडा बनवावा लागायचा. ग्रोव्हकडं कल्पना होती, पण तिला पुढं न्यायला लागणारं सामान त्या शतकाकडं नव्हतं.

पगार देईना विज्ञान, मग परत कोर्ट

तोपर्यंत ग्रोव्हचं नाव झालं होतं. १८४० साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८४१ साली लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. एका व्याख्यानाला तर त्यानं प्लॅटिनमची तार तापवून विजेच्या दिव्यांचा उजेड पाडला, तोही एडिसनच्या दिव्याच्या तीसहून जास्त वर्षं आधी.

लंडन इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांतून त्याचं एक पुस्तक निघालं, १८४६ साली. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, रासायनिक शक्ती आणि गती या सगळ्या एकमेकींत बदलू शकतात असं त्यात मांडलं होतं. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते हा नियम तेव्हा अजून पक्का व्हायचा होता. त्या वाटेवरचं हे महत्त्वाचं पुस्तक ठरलं. त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आणि दुसऱ्या भाषांत भाषांतरंही झाली.

पुढच्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं. पण त्याच काळात तो त्या सोसायटीशी भांडतही होता. तिथं फेलो म्हणून जहागीरदार आणि ओळखीपाळखीची माणसं भरलेली. ज्यांनी आयुष्यात एक प्रयोग केला नाही त्यांच्याही नावापुढं फेलो लागायचं. ग्रोव्ह आणि त्याच्या जोडीदारांनी लावून धरलं आणि १८४७ साली नियम बदलले. दरवर्षी फक्त १५ नवे फेलो निवडायचे आणि त्यांची निवड कामावरून करायची. आज या संस्थेचं नाव आदरानं घेतलं जातं, त्यात त्या भांडणाचा मोठा वाटा आहे.

पण मेडलवर घर चालत नाही. लेकरंबाळं झाली होती, खर्च वाढत होता आणि त्या काळी विज्ञानात पोट भरेल अशा नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १८४६ साली त्यानं प्राध्यापकी सोडली आणि पुन्हा वकिलीचा काळा कोट चढवला. फ्युएल सेलचा जनक पस्तिशीतच प्रयोगशाळेतून कोर्टात गेला, तो पैशाच्या गरजेपोटी.

विषप्रयोगाचा खटला

वकील म्हणूनही गड्यानं नाव काढलं. पेटंटच्या खटल्यांत त्याला मोठी मागणी होती, कारण यंत्र आणि रसायन कळणारा वकील दुसरा कुठं मिळणार? फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅल्बटनं १८५४ साली आपल्या पेटंटसाठी खटला लढवला, तेव्हा त्याच्या बाजूनं ग्रोव्ह उभा होता.

पण सगळ्यात गाजला तो १८५६ चा खटला. रुजली गावचा डॉक्टर विल्यम पामर याच्यावर आपल्या मित्राला, जॉन कूकला विष घालून मारल्याचा आरोप होता. पामर कर्जात बुडालेला, घोड्यांच्या शर्यतींचा नादी. अख्खं इंग्लंड या खटल्याकडं डोळे लावून बसलं होतं.

सरकारचं म्हणणं होतं की कूकला स्ट्रिक्नीन दिलं. अडचण एकच होती, मृताच्या शरीरात स्ट्रिक्नीन सापडलंच नव्हतं. म्हणजे सगळा खटला येऊन थांबला रसायनशास्त्रावर. मग पामरच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांत ग्रोव्ह असणं साहजिकच होतं.

पामर वाचला नाही. ज्युरीनं त्याला दोषी धरलं आणि १८५६ च्या जूनमध्ये त्याला फाशी झाली. पण विष सापडलं नाही म्हणजे विष दिलंच नाही का, हा वाद डॉक्टर आणि रसायनतज्ज्ञांमध्ये पुढं बराच काळ चालला.

१८७१ साली ग्रोव्ह न्यायाधीश झाला, १८७२ साली सर झाला. पेटंटचे खटले ऐकताना तो वादापेक्षा यंत्रातच जास्त रमायचा आणि हे यंत्र अजून चांगलं कसं करता येईल ते वकिलांनाच सुचवायचा, असाही किस्सा सांगितला जातो. १८८७ साली निवृत्त झाल्यावर तो परत विज्ञानाकडं वळला. १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

तोपर्यंत डायनामो आले होते. कोळसा जाळायचा, वाफ करायची, चाक फिरवायचं, वीज घ्यायची. हे स्वस्त पडत होतं. गॅस बॅटरी पुस्तकातल्या एका प्रयोगापुरती उरली होती.

आणि मग माणूस चंद्रावर निघाला

फ्युएल सेलला पुन्हा जीव आला तो विसाव्या शतकात. फ्रान्सिस थॉमस बेकन या इंग्रज इंजिनियरनं बरीच वर्षं घालवून १९५९ साली ५ किलोवॅटचा सेल चालवून दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं एक हजारावर सेल जोडून चक्क ट्रॅक्टर चालवला.

मग आली अंतराळाची शर्यत. यानात कोळसा नेता येत नाही आणि साध्या बॅटऱ्या नेल्या तर वजन परवडत नाही. फ्युएल सेल मात्र वीज देतो आणि वर प्यायला पाणीही. १९६५ साली जेमिनी ५ यानातून तो अंतराळात गेला आणि नंतर अपोलो यानांतून चंद्रापर्यंत. १९७० साली अपोलो १३ मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा पहिला फटका याच सेलना बसला, कारण ऑक्सिजन संपला की वीजही संपली आणि पाणीही.

आज हायड्रोजनच्या गाड्या रस्त्यावर आहेत. आपल्या पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरनं मिळून बनवलेली हायड्रोजन फ्युएल सेलची बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या पोटात तेच चालतं जे ग्रोव्हच्या नळ्यांत चाललं होतं, फक्त भेटायची जागा कित्येक पटींनी वाढलेली आहे.

अडचणीही तशाच आहेत. प्लॅटिनम अजून महाग आहे. हायड्रोजन बनवायला आणि साठवायला अजून पैसा लागतो. म्हणूनच बुटाच्या खोक्याएवढी गाडी घेऊन रेघेवर उभी असलेली पोरं नुसता खेळ करत नसतात. ग्रोव्हनं जिथं काम सोडलं, त्याच जागी ती हात घालत असतात.

चंद्रावर एका विवराला ग्रोव्हचं नाव दिलेलं आहे. त्याच चंद्रापर्यंत माणसं पोहोचली तेव्हा यानात वीज होती ती त्याच्याच कल्पनेतून आलेली. घर चालवायला वकिली करावी लागलेल्या माणसाच्या त्या दोन काचेच्या नळ्यांची ही कमाई.